विबेके आणि शुक्रवारचा पाव

डेन्मार्कमधल्या आमच्या ओडेन्सेच्या पंपांच्या कारखान्यात रोबोटांना वळण लावायचं काम विबेकेचं. ती म्हणायची, "ताकद काय, बैलालाही असते. माणूस अंगाला लागला की थांबायचं, एवढं कळलं की झाला शहाणा."

नव्या रोबोटला कुंपण नव्हतं. माणसांच्या शेजारी राहूनच तो काम करणार होता. विबेके त्याच्या वाटेत आधी धक्क्याचा जोर मोजणारं मापक धरायची, मग स्वतःचा हात, खांदा, पाठ. जरा टेकलं की गडी थांबायचा. तिची सही झाली की सोमवारी तो पूर्ण वेगाने सुरू व्हायचा होता. मालक योर्नने गिऱ्हाइकाला तसा शब्दही देऊन टाकला होता.

त्याआधी आला शुक्रवार. शुक्रवारी आमच्यातलं कुणीतरी पाळीने ताजा पाव, लोणी, चीज आणतं आणि सगळे कामाच्या जागीच टेबल ओढून बसतात. टेबलाचा कोपरा वर्षानुवर्षं तोच; नवा रोबोट आता त्याच्या शेजारीच उभा होता. गुडघ्यांनी जेरीस आलेला प्रेबेन, आमचा जुना फिटर, खुर्चीत टेकला आणि चाचणीसाठी चालू असलेल्या रोबोटचा हात त्याच्या कानाजवळून सर्रकन गेला.

विबेकेने धावत जाऊन यंत्र बंद केलं.

"मी हिशेबात सगळी माणसं उभीच धरली," ती म्हणाली. "हाताला हलका धक्का चालतो, बसलेल्याच्या डोक्याला नाही. याचा वेग निम्मा करायला हवा."

"अगं, टेबल हलवा की!" योर्न म्हणाला.

"टेबल हलवशील रे. खाली पडलेला स्क्रू उचलायला वाकलेल्याचं काय?"

"गिऱ्हाईक हातचं जाईल. तू सही केली नाहीस, तर दुसऱ्या कुणाची घेईन."

"घे."

मला भयंकर संताप आला. त्यात प्रेबेन बिचारा म्हणतो, "राहू दे गं, मी उभ्यानेच खातो."

विबेकेने त्याला दुसरीकडे बसवलं आणि ती खुर्ची योर्नपुढे केली. "बस. लोणी लाव, निवांत खा. मी पूर्ण वेगाने चालू करते."

योर्न हसत बसला. विबेके यंत्रापाशी गेली. तिने नुसता हात उचलला, बटणाला बोटही लावलं नव्हतं, आणि योर्नची मान खांद्यांत गेली. सगळ्यांनी पाहिलं. हसलं मात्र कुणी नाही.

तो उठला. पाव बशीत तसाच राहिला.

"निम्मा कर," तो म्हणाला. "गिऱ्हाइकाला मी सांगतो."