वाढत्या अंगाची रायफल

“दार लाव! आधी दार लाव गं!” नवरा खुराड्याच्या जाळीच्या आतून ओरडत होता. एका पायात स्लिपर, दुसरा पाय चिखलात आणि अंड्यांची टोपली दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेली, जणू पूर आलाय. दार लावलं असतं तर कोल्हा आतच राहिला असता आणि नवराही. हे त्याच्या लक्षात आलेलं नव्हतं, माझ्या आलं होतं. म्हणून मी दार सताड उघडं ठेवलं आणि हातातलं लाटणं भिरकावलं. ते पाण्याच्या बादलीला लागलं. कोल्हा तोंडात पांढरी कोंबडी घेऊन माझ्या दोन पायांमधून निघून गेला. बरं, पायांमधून नाही, दहा फुटांवरून. पण जाताना त्याने वळून माझ्याकडे बघितलं, हे खरं. वासराएवढा होता. नवरा म्हणतो, मांजरापेक्षा जरासा मोठा. पण त्याने चष्मा घातलेला नव्हता.

ती तिसरी कोंबडी. छत्तीस होत्या, तेहतीस राहिल्या.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. नॉर्थ कॅरोलायनात, कॅरी गावाच्या पलीकडे अर्ध्या तासावर, एका म्हाताऱ्या गवळ्याच्या शेतातलं जुनं घर आम्ही भाड्याने घेतलं होतं. नवरा जनावरांचा डॉक्टर. नागपूरहून शिकून आलेला आणि इथल्या विद्यापीठात कोंबड्यांवर पीएचडी करत असलेला. विद्यापीठाची खुराडी दुरुस्तीला काढल्यामुळे त्याच्या प्राध्यापकांनी कोंबड्या घरी न्यायची परवानगी दिली होती. प्रत्येकीच्या पायात नंबराचं कडं आणि प्रत्येकीच्या अंड्यांची रोजची नोंद वहीत, डिसेंबरअखेरपर्यंत. दिवस लहान होतात तशा कोंबड्या अंडी घालायच्या थांबतात, म्हणून खुराड्यात चौदा तास दिवा. आमच्या बेडरूममध्ये हीटर नव्हता, कोंबड्यांना मात्र दिवा होता.

हिशेब साधा होता. तिसाच्या खाली कोंबड्या गेल्या किंवा अंड्यांची नोंद मध्येच कोसळली, की तीन वर्षांचं काम बाद. स्कॉलरशिप डिसेंबरात संपत होती आणि तिच्यासोबत व्हिसाही. म्हणजे परतीचं विमान, आणि पदवी नाही ती नाहीच.

“मारायला पाहिजे त्याला,” मी म्हटलं.

“मी जनावरं बरी करायला शिकलोय,” नवरा म्हणाला. “माझ्या हातून नाही होणार.” कॉलेजात एनसीसीत त्याने पॉइंट टू-टूच्या बारक्या रायफलीने पाच गोळ्या झाडल्या होत्या आणि त्याच्या टारगेटवर सहा भोकं सापडली होती. शेजारच्या कॅडेटची दया. त्याचा शस्त्रविद्येचा अनुभव इथे संपतो.

राहिले मी. आणि इथे मला एक कबूल करावं लागेल. आमच्या म्हाताऱ्या घरमालकाला पहिल्याच उन्हाळ्यात, त्याच्या ओसरीवर गोड गार चहा पिता पिता, मी सांगून ठेवलं होतं की कोल्हापूरकडे उसात रानडुकरं फार आणि मी वडिलांबरोबर पुष्कळ मारलीत. माझे वडील साखर कारखान्यात टाइमकीपर होते. त्यांनी आयुष्यात छत्रीपेक्षा लांब काही हातात धरलं नाही. माझी सगळी शिकार जत्रेतली, फुगे फोडायच्या बंदुकीने. दहापैकी सात फुगे फोडले होते. पाच असतील.

काउंटीच्या शिकार खात्यातल्या वॉर्डनला फोन करून विचारलं. तो म्हणाला, तुमच्या आवारात तुमच्या कोंबड्यांवर येतोय ना, मग मारा. त्याच आठवड्यात मराठी मंडळाची दिवाळी होती, कॅरीच्या एका शाळेच्या हॉलमध्ये. तिथे मी विषय काढायची खोटी, चकलीच्या ताटाभोवती तज्ज्ञांचं मंडळ बसलं. त्यात एकानेही बंदूक हातात धरलेली नव्हती. हृदयाचे डॉक्टर असलेले एक काका म्हणाले, अस्वलही आडवं होईल अशी घ्या. एका इंजिनिअरने पेपर नॅपकिनवर गोळीचा वेग काढला आणि शेवटी दोन शून्यं जास्त लावली. एक काकू म्हणाल्या, घ्यायचीच तर मोठी घे गं, लहान घेऊन मागाहून रडत बसतात. आम्ही मुलांचे फ्रॉक असेच घेतो, वाढत्या अंगाचे. सर्वानुमते ठरलं: रायफलही वाढत्या अंगाची.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मेणकापडावर, चार बंदुका मांडल्या. पाखरांसाठीची छर्ऱ्यांची, हरणासाठीची लांब रायफल, मधल्या ताकदीची एक आणि कोपऱ्यात एक बारकी पॉइंट टू-टू, जिच्यावर त्याची नात नेम शिकली होती. तिचा दस्ता इतका झिजला होता की लाटण्यासारखा गुळगुळीत.

“डुकरं मारलीस म्हणतेस,” तो म्हणाला. “मग तूच निवड.”

मी हरणाची उचलली. कशी दिसली असेन कोण जाणे. पण मी ती खांद्याला लावून एक भुवई उंचावली, जशी शिकारी लोक उंचावत असावेत.

 त्याने मला खालच्या शेतात नेलं, मातीच्या बांधापुढे पाण्याने भरलेला दुधाचा प्लॅस्टिकचा कॅन ठेवला आणि कानात घालायला कापूस दिला. मी झाडली. कॅन नाहीसा झाला. फुटला नाही, नाहीसाच झाला. त्याचं झाकण अजून त्या राज्याच्या हवेत असेल. मी गवतात उताणी पडले होते. दूर गाईंनी माना वर केल्या. आणि आमच्या घराच्या बाजूने एक आवाज आला, तेहतीस कोंबड्या एकाच वेळी उडाल्याचा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवऱ्याने वही माझ्यापुढे ठेवली. रोज सव्वीस, सत्तावीस अंडी असायची. त्या दिवशी नऊ. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त नऊच्या आकड्याखाली रेघ मारली आणि पेनाचं टोपण लावून ठेवलं.

“कोल्ह्याने तीन नेल्या,” तो म्हणाला. “तू एका दिवसात अठरा अंडी नेलीस.”

अंडी पूर्ववत व्हायला पाच दिवस लागले. प्राध्यापकांनी सांगितलं, एवढं एकदा चालवून घेतो, पुन्हा नाही. त्या पाच दिवसांत कोल्हा दोनदा आला. एकतीस.

सहाव्या दिवशी सकाळी मी म्हाताऱ्याकडे गेले, गोड चहालासुद्धा नको म्हटलं आणि सगळं सांगून टाकलं. ऊस, डुकरं, टाइमकीपर, छत्री. त्याने गाईच्या आचळाला यंत्र लावणं थांबवलं नाही.

“माहीत होतं,” तो म्हणाला. “डुक्कर मारणारी बाई दोन्ही डोळे मिटत नाही.”

मग त्याने मला तीन गोष्टी बघून यायला सांगितलं: तो किती अंतरावर येतो, त्याच्या पाठीमागे काय असतं आणि आवाज कोणाला ऐकू जातो. बंदूक त्यानंतर निवडायची. इतके दिवस मी उलटीकडून चालले होते.

मी घरी येऊन पावलं मोजली. कोंबड्यांचं खाद्य ठेवायच्या खोलीला एक खिडकी होती. तिथून कोल्हा जाळीखालची माती उकरायचा तो कोपरा अठ्ठावीस पावलं. एवढ्या अंतरावर हरणाची रायफल लावणं म्हणजे डास मारायला भिंत पाडणं. पाठीमागे डावीकडे गाई, उजवीकडे शाळेची बस जायचा रस्ता, मध्ये फक्त पुरुषभर उंच मातीचा बांध, रुंदीला चार फूट. गोळी गेली तर त्या चार फुटांतच जायला हवी आणि मातीत थांबायला हवी. छर्ऱ्यांची बाद, कारण छर्रे पसरतात आणि जाळीत कोंबड्या. मधली बाद, तिचा आवाज मोठा. आणि आवाज कोणाला ऐकू जातो, तर ज्यांना ऐकू जायला नको नेमकं त्यांना.

मी परत गेले आणि कोपऱ्यातली बारकी उचलली, नातीची. एका वेळी एकच गोळी. म्हाताऱ्याने आतून एक जुनी पेटी आणली. तीत हळू जाणाऱ्या गोळ्या होत्या. त्या निघताना कडाड असा आवाज होत नाही, म्हणाला, पण त्यांच्यात ताकदही बेताची असते. डोक्यात बसली तर बसली, नाहीतर जखमी जनावर पळेल आणि ते तुझ्या डोक्यावर. आणि एकच मिळेल, दुसरी भरेपर्यंत तो शेत ओलांडून जाईल.

तीन दिवस मी त्याच्या पलीकडच्या शेतात, धान्याच्या पोत्यावर रायफल टेकवून, मंडळाच्या उरलेल्या कागदी प्लेटांवर नेम धरला. अठ्ठावीस पावलं. एक डोळा उघडा. पहिल्या दिवशी प्लेटा सुखरूप होत्या. तिसऱ्या दिवशी दहापैकी दहा गोळ्या प्लेटीच्या मध्यावर वाटीएवढ्या जागेत होत्या. या आकड्यात मी काही वाढवलेलं नाही. म्हाताऱ्याने स्वतः बोट घालून भोकं मोजली.

मग खिडकीत बसणं. पहिल्या सकाळी आला नाही. दुसऱ्या सकाळी आला आणि डावीकडे गाईंच्या पुढ्यात बसून राहिला. नळी त्याच्यावर आणि त्याच्या मागे चाळीस गाई. अर्धा तास मी श्वास घेतला नसेल. तो उठून गेला.

तिसऱ्या सकाळी गवतावर दहिवर होतं. नवरा माझ्या मागे उभा, हातात वही, का ते देव जाणे. कोल्हा बांधावरून उतरला, सरळ कोपऱ्याशी आला आणि उकरायला लागला. जागा बरोबर, मागे माती. पण कोंबड्या पळायच्या ऐवजी बघायला त्याच कोपऱ्यात जमल्या. एकीने तर जाळीतून मान बाहेर काढली, कोल्ह्याच्या कानापासून वीतभर. माझ्या नेमात दोघांची डोकी होती.

“सतरा नंबर आहे ती,” नवरा माझ्या कानाशी पुटपुटला. “सगळ्यात जास्त घालणारी.”

“गप रे.”

कोल्ह्याने पुढचे दोन्ही पाय जाळीखाली घातले. माती उडत होती. अजून एक वीत आणि तो आत. आत गेला की मला काहीच करता येणार नव्हतं, कारण आत सगळीकडे कोंबड्याच. बोट चापावर होतं आणि मला ते जाणवत नव्हतं. तीन वर्षं, व्हिसा, त्या वहीची सगळी पानं त्या वीतभर जागेत अडकलेली. सतरा नंबरने मान आणखी थोडी बाहेर काढली. कोल्ह्याने तिच्याकडे बघितलं. मग त्याच्या नाकात माती गेली असावी. तो एक पाऊल मागे आला आणि शिंकायला मान वर केली.

जाड पुस्तक मिटावं एवढाच आवाज झाला.

कोल्हा दोन पावलं चालला आणि आडवा झाला. पुन्हा हलला नाही. कोंबड्या फडफडल्या, एकमेकींवर चढल्या, खाली उतरल्या आणि उभ्या राहिल्या. आम्ही दोघं खिडकीत तसेच. कोल्हा मेला होता, पण काम झालं की नाही हे आम्हाला उद्याशिवाय कळणार नव्हतं. मागच्या वेळीही उडून झाल्यावर कोंबड्या अशाच उभ्या राहिल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी वहीत नऊ आलं होतं.

म्हाताऱ्याने येऊन कोल्हा बघितला, मान हलवली आणि फावडं आणायला गेला. दुपारपर्यंत फोनवर मंडळातल्या काका-काकूंना मी सांगितलं की दोनशे पावलांवरून उडवला, तोही वाऱ्यात. हृदयाचे डॉक्टर काका म्हणाले, बघा, मोठी घ्यायला सांगितली होती की नाही.

दुसऱ्या दिवशी नवरा खुराड्यात गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही. मी पोहे केले, ते गार झाले, पुन्हा गरम केले. अकराच्या सुमाराला तो टोपलीवर पंचा टाकून आत आला, हात धुतले आणि वही उघडून एकेक नंबर लिहायला बसला. मला टोपलीत बघवेना. मी विचारलं, किती?

“रोजच्याइतकीच,” तो म्हणाला.