नात्सुमिकानचे चारशे मालक

होआशी तबेल्याचं पत्रक दर महिन्याच्या पाच तारखेला येई आणि मिनेको तोगाशी ते लॉण्ड्रीच्या काउंटरमागे उभ्याउभ्याच वाचत असे. पत्रकाचे भाग दोन. पहिला 'अलीकडचे निकाल', दुसरा 'होतकरू मंडळी'. म्हणजे अजून एकही शर्यत न धावलेली दोन वर्षांची शिंगरं. पहिला वाचून मन खट्टू झालं की दुसरा वाचायचा, अशी त्यात सोय होती.

ट्रेनर होआशींच्या लेखी त्यांच्या तबेल्यातला घोडा कधी हरत नसे. चौदावा आला, तर 'श्वास उत्तम होता'. बारावा आला, तर 'पुढच्या घोड्यांकडून बरंच शिकायला मिळालं'. एकदा एक घोडा शेवटचा आला, तेव्हा होआशींनी लिहिलं होतं, 'संपूर्ण शर्यत त्याच्या नजरेच्या टप्प्यात होती.' होतकरू मंडळींबद्दल ते जपून लिहीत. दहापैकी नऊ शिंगरांपुढे 'आहार चांगला आहे' एवढंच असे. एकापुढे 'आहार फारच चांगला आहे' असं होतं, आणि त्याच्या मालकांनी ते वाचून काय समजायचं ते समजून घेतलं.

मिनेकोबाई हाकोदातेत ट्रामच्या रस्त्याला लागून असलेल्या लॉण्ड्रीच्या मालकीण. वय चौसष्ट. याशिवाय त्या एका तांबूस घोडीच्या चारशेव्या हिश्श्याच्याही मालकीण होत्या. उरलेले तीनशे नव्व्याण्णव हिस्से देशभरातल्या तीनशे नव्व्याण्णव अनोळखी माणसांकडे होते. घोडीचं नाव या सगळ्यांनी मतदानानं ठरवलं होतं. 'वादळराणी' वगैरे दणदणीत नावं एकमेकांची मतं खाऊन पडली आणि 'नात्सुमिकान' निवडून आली. नात्सुमिकान म्हणजे उन्हाळ्यात येणारं एक आंबट फळ, मोसंब्याच्या जातीचं. घोडीनं पुढे नावाला जागायचं ठरवलं.

मिनेकोबाईंनी हिस्सा घेतला तो फोटोसाठी. हे हिस्से विकणाऱ्या क्लबची घोडी जिंकली की मैदानावर फोटो निघतो. मध्ये घोडी, वर जॉकी, लगाम धरून मोतद्दार, बाजूला ट्रेनर आणि दोन्हीकडे ओळीनं मालक. चाळीस वर्षं बाईंनी दुसऱ्यांच्या फोटोंसाठी कपडे परीटघडीचे करून दिले होते. लग्नाचे, पदवीदानाचे, साठीचे, मयताचेसुद्धा. कपडे फोटोत जात, बाई दुकानात राहत. त्यांचा स्वतःचा बरा म्हणावा असा एकच फोटो होता, तो वाहन परवान्यावर, आणि त्यातही त्या पुढच्या माणसाला 'सरका' म्हणत असल्यासारख्या दिसत होत्या.

पण त्या फोटोत कुणीही उठून उभं राहू शकत नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत क्लबला फोन करून नाव द्यायचं. त्यातून चिठ्ठी काढून दहा जण निवडतात. पुरुषांना कोट-टाय सक्तीचा, बायकांनाही तोलामोलाचा पोशाख. जीन्स, टोप्या, सपाता घालून येणाऱ्याला कठड्याच्या आत पाऊल टाकता येत नाही.

नात्सुमिकान नऊ वेळा धावली. बाईंनी नऊही वेळा नाव दिलं, सात वेळा चिठ्ठी लागली, आणि सातही वेळा त्या काळा पोशाख चढवून, मोत्यांची माळ घालून मैदानावर हजर राहिल्या. फुकुशिमा, निईगाता, सप्पोरो. सातही वेळा घोडी दहाव्या नंबराच्या आत आली नाही. चिठ्ठी लागली नाही त्या दोन वेळा बाई घरी होत्या आणि घोडी एकदा तिसरी, एकदा चौथी आली.

हे बाईंच्या लक्षात आलंच नसतं. ते आणून दिलं इवाबुचींनी. समुद्रापलीकडच्या आओमोरीचे हे रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षकही घोडीच्या तशाच एका हिश्श्याचे मालक. सातव्या पराभवानंतर त्यांनी कॅन्टीनमध्ये बाईंच्या नूडल्सच्या वाडग्याशेजारी एक आलेखाचा कागद पसरला.

"तोगाशी-सान, मी आरोप करत नाही हं. मी फक्त आलेख दाखवतो."

"ही लाल टिंबं कसली?"

"ती तुम्ही."

"मी सात ठिकाणी आहे?"

"मोत्यांसकट. आणि ही दोन निळी टिंबं बघा. तुम्ही नाही, आणि घोडी वर."

बाईंनी नूडल्स संपवल्या. "इवाबुची-सान, तुम्हीही सातही वेळा मैदानावर होतात. कोट-टाय लावून."

"होतो," इवाबुचींनी आलेखाची घडी घातली. "पण माझ्या कोटाला इतकी कडक इस्त्री नसते."

जुलैचं पत्रक आलं. 'अलीकडचे निकाल' या सदरात नात्सुमिकानबद्दल पहिल्यांदाच श्वासाचा उल्लेख नव्हता. होआशींनी लिहिलं होतं, 'येत्या रविवारी हाकोदाते. इथे जमलं नाही, तर तिच्यासाठी नवा मार्ग शोधावा लागेल.' नवा मार्ग म्हणजे काय ते क्लबात कुणी विचारत नसे. पत्रकातून त्या मार्गाला लागलेल्या घोड्यांचा आहार कसा आहे, हे पुन्हा कधी छापून आलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी साडेचारला मिनेकोबाई फोनसमोर बसल्या. शर्यत ट्रामनं दहा मिनिटांवर. आयुष्यात पुन्हा हे जमणार नव्हतं. शेजारी त्यांची धाकटी बहीण नोबुए गिऱ्हाइकांच्या शर्टांना चिठ्ठ्या टोचत होती.

"ताई, लाव ना फोन."

"लावला तर ती हरेल."

"मग नको लावू."

"नाही लावला आणि जिंकली, तर मी फोटोत नाही."

"घोडीला काय ठाऊक तू फोन केलास की नाही ते?"

"घोडीला काहीच ठाऊक नसतं गं. म्हणून तर ती हरते."

नोबुएनं तीन शर्ट संपवले. पाचाला दोन मिनिटं असताना बाई उठल्या आणि फोनवर एक उशी ठेवली. फोन न करणं ही त्यांच्या आयुष्यातली सर्वांत दमवणारी कामगिरी ठरली. त्या साडेसहाला झोपल्या.

रविवारी त्यांनी काळजी घेतली ती तयारी न करण्याची. पायात लॉण्ड्रीतले रबरी बूट, अंगात नोबुएचा पाच वर्षांपूर्वीच्या माकुळ महोत्सवातला टी-शर्ट, छातीवर दहा पायांनी नाचणारी माकुळं. मोती नाहीत, पर्स नाही, कंगवाही नाही. चुकून जरी कुणी फोटोला बोलावलं तरी जाता येऊ नये, अशा बेतानं त्या दुपारी दुकानातून निघाल्या आणि मैदानाच्या कठड्याला पोट लावून उभ्या राहिल्या. समोर गवत, त्यापलीकडे समुद्र.

घोडे सुटले. नात्सुमिकान नेहमीप्रमाणे उशिरा निघाली, जणू कुणीतरी निरोप देईपर्यंत तिला शर्यतीची कल्पनाच नव्हती. वळणावर ती अकरावी होती. मग पुढचे चार घोडे एकमेकांना ढकलत बाहेरच्या बाजूला गेले. आतला कठडा मोकळा पडला, आणि घोडी कुणाशीही वाद न घालता त्या फटीतून पुढे आली. शेवटच्या शंभर मीटरांत तिच्यापुढे एकच घोडा उरला. नंतर तोही उरला नाही. ती मानेच्या फरकानं जिंकली.

"नात्सुमिकाऽऽन!" मिनेकोबाई ओरडल्या आणि लगेच त्यांनी तोंडावर हात ठेवला. कारण तीच आरोळी कठड्याजवळच्या आणखी छत्तीस तोंडांतून निघाली होती, आणि त्या छत्तीस जणांनीही तोंडावर हात ठेवले होते.

सगळे हिस्सेदार. फोन न केलेले. कुणी मासेमारांच्या रबरी विजारीत, कुणी पायजम्यात, कुणी डोक्याला टॉवेल बांधून. दोन पावलांवर मेणकापडाचा रेनकोट गळ्यापर्यंत बंद करून, लख्ख उन्हात घाम पुसत इवाबुची उभे होते.

"तुम्ही इथे कसे?" बाईंनी विचारलं.

"सहज. बोटीतून उतरलो. शर्यत आहे हे माहीतच नव्हतं."

"आओमोरीहून?"

"हवा चांगली होती."

तेवढ्यात क्लबचे प्रतिनिधी सोएदा धापा टाकत कठड्यापाशी आले. पन्नाशीचे, पोटानं सुखी, हातात कोरा कागद. "इथे कुणी सभासद आहे का? काल एकही फोन आला नाही! चारशे मालक आणि एकही नाही! मोकळ्या गवतावर फोटो काढला तर मुख्य कचेरी मला विचारेल, सोएदा, मालक कुठे गेले?"

छत्तीस माणसं समुद्राकडे बघू लागली. सदतिसाव्या मिनेकोबाई, त्यांनी हात वर केला. मग हळूहळू सगळेच हात वर आले.

सोएदांनी एकेकाला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. पायजम्यापाशी ते जरा थांबले. "नियम मी एकासाठी वाकवतो. एकाच. नाव कालचं म्हणून लिहितो. पण पोशाख वाकवता येणार नाही. कॅमेरा समोर आहे हो! आठ मिनिटं आहेत, मग घोडी तपासणीला जाते."

मग इवाबुचींनी सावकाश रेनकोटाची बटणं काढली. आत काळा कोट होता.

"इवाबुची-सान!"

"फक्त कोट आहे," ते घाईघाईनं म्हणाले. "खाली बघा, ट्रॅकसूट आहे. निम्म्यापेक्षा कमी पोशाखाचा निकालावर परिणाम होत नाही. मी आकडेमोड केली आहे."

तो आलेख त्यांनी कॅन्टीनमध्ये आणखी कुणाकुणाला, ज्याच्या त्याच्या लाल टिंबांसकट, दाखवला होता ते आता कळलं. डोक्याला टॉवेल बांधलेल्या बाईंनी जेवणाच्या डब्यातून, लोणच्याखालून, मोत्यांची माळ काढली. मासेमारी विजारीतल्या बाईंनी विजार गुडघ्यापर्यंत खाली केली, आत काळा स्कर्ट. एकानं भाजीच्या पिशवीतून काळे बूट काढले. पायजमेवाल्या गृहस्थांनी दंडाला गुंडाळलेला पांढरा ब्लाउज सोडला आणि म्हणाले, "बायकोचा आहे. ती म्हणाली, न्या, पण घालू नका." छत्तीस माणसांपैकी प्रत्येकानं एकेक वस्तू आणली होती, जपून, निम्म्यापेक्षा कमी. रेशमी रुमाल तर सहा निघाले.

पोशाख पुरा झाला. आता तो घालणार कोण?

"तुम्ही जा, कोट तुमचा."

"छे छे, मोती तुमचे, तुमचाच मान."

"मी आपला बुटांपुरता. वयानं तुम्ही मोठे."

"माझं कसलं वय! तुम्ही क्यूशूहून आलात, केवढं लांब."

सोएदा घड्याळाकडे बघत होते. "पाच मिनिटं."

प्रत्येकजण दोन्ही हात हलवून नको म्हणत होता आणि कमरेत वाकून दुसऱ्याला वाट करून देत होता. पलीकडे घोडी गवतावर गोलगोल फिरत होती. तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असलं तरी तिचा विश्वास बसला नव्हता. मिनेकोबाईंना एकाएकी जाणवलं की हे असंच चालू राहील. ही माणसं इतकी सभ्य आहेत की पाचाची तीन होतील, तिनाचं शून्य, आणि सगळे एकमेकांचे आभार मानून घरी जातील.

"मी जाते," त्या म्हणाल्या.

चौसष्ट वर्षांत बाईंनी रांगेत कुणाच्या पुढे पाऊल टाकलं नव्हतं. इवाबुचींचा चष्मा घसरला.

"तुम्ही काय आणलंत?" कुणीतरी विचारलं.

"काही नाही."

"काहीच नाही? रुमालसुद्धा?"

"रुमालसुद्धा नाही. मला वाटलं, खरंच न्यायचं नाही काही."

त्यावर मोतीवाल्या बाईंनी मान खाली घातली आणि माळ पुढे केली. मग सगळेच कामाला लागले. दोन रेनकोटांचा आडोसा झाला. स्कर्ट मोठा होता, तो मागून शिंगरांची चित्रं असलेल्या चिमट्यानं आवळला. बूट दोन नंबरांनी लहान. ब्लाउजची घडी बाईंनी तळहातानं मोडली आणि सवयीनं मागे वळून म्हणाल्या, "कोणी केलीय ही इस्त्री? कॉलर भाजलीय." कोट इवाबुचींनी स्वतः त्यांच्या खांद्यावर चढवला. आत माकुळांचा टी-शर्ट तसाच राहिला. काढायला वेळ नव्हता.

बाई कठड्याच्या आत गेल्या. आखूड पावलं टाकत, बुटांच्या मर्जीनं. मोतद्दारानं विचारलं, "या बाजूला उभ्या राहता का? तिकडून ती चावते." बाई या बाजूला उभ्या राहिल्या. घोडी उंच होती आणि ओली होती, आणि तिच्या अंगातून इस्त्रीसारखी वाफ निघत होती. तीन वर्षं पत्रकातून जिचा श्वास वाचला, तो पहिल्यांदाच कानाशी ऐकू येत होता. खरंच उत्तम होता. होआशींनी अगदीच थापा मारल्या नव्हत्या.

"मालकीणबाई, जरा जवळ," फोटोवाला म्हणाला. "आणखी. हसा."

बाई हसल्या की नाही हे त्यांना सांगता येईना. आजवर कधी कुणी 'मालकीणबाई' म्हटलं होतं, ते दुकानातले कपडे हरवल्यावर.

त्या परतल्या तेव्हा छत्तीस जण कठड्याला चिकटून होते. घोडी कशी दिसते जवळून, जॉकी काय म्हणाला, तिचं आता पुढे काय, हे कुणी विचारलं नाही. इवाबुचींनी दोन्ही हातांनी कोट उतरवून घेतला, झटकला, निरखला.

"पूर्ण आला का फोटोत?"

"जवळजवळ. एक बाही घोडीच्या मानेमागे गेली."

इवाबुचींचा चेहरा पडला. "कुठली?"

"डावी."

त्यांनी डावी बाही हातात घेतली आणि उलटसुलट करून बघितली. "बटणं त्याच बाहीची चांगली आहेत," ते म्हणाले. "उजवीचं एक बदललेलं आहे."

"माझे मोती आले?" मागून प्रश्न आला.

"आले."

"सगळे?"

मिनेकोबाईंनी माळ काढली, आणि कठड्याला टेकून, लहान बुटांतून एकेक पाय सोडवत, ओळीनं उत्तरं द्यायला सुरुवात केली.