तुंबलंय, लगेच या

मी आणि माझा मेहुणा दिलीप कोल्हापुरात तुंबलेले पाईप मोकळे करतो. किस्से साठतात ते माझ्या बायकोमुळं. जेवताना या धंद्याचं नाव काढायचं नाही, असा तिचा नियम. मग दिवसभराचं सगळं पोटात राहतं आणि कोणी चहाला भेटलं की बाहेर पडतं.

*

एका खानावळीचं सिंक तुंबलं होतं. मालक आधीच वैतागलेले. रश्श्याला हल्ली तर्री नसते, अशी गिऱ्हाइकांची ओरड. आचारी तेल घरी नेतो असा मालकांचा संशय, त्याला काढायचंच त्यांनी ठरवलं होतं. दिलीपनं पाईप उघडला. आत मनगटाएवढा जाड पिवळा थर. तो मालकांपुढं ठेवून दिलीप म्हणाला, "आचाऱ्याला कशाला काढताय? तर्री सगळी हितं हाय की."

*

तालमीचं बाथरूम. पैलवानांच्या अंगावरची तांबडी माती जाऊन जाऊन पाईप बंद. बादल्या भरून गाळ काढला आणि टाकायला निघालो, तर वस्तादांनी अडवलं. आखाड्याची माती बाहेर जाऊ द्यायची नाही, परत आखाड्यातच टाका म्हणाले. वस्तादांपुढं कोण बोलणार? टाकली.

वास असा सुटला, की त्या आठवड्यात एकाही पैलवानानं पाठ टेकू दिली नाही. सगळ्या कुस्त्या बरोबरीत.

*

एका घरात सासू म्हणे सुनेच्या केसांनी मोरी तुंबते, सून म्हणे सासूच्या. आम्ही गेलो तेव्हा सून गडहिंग्लजला माहेरी जायला बॅग भरून बसलेली. जाळीखालचा गुंता ओढून काढला. केस आखूड, आणि मेंदीनं लालभडक.

दोघी एकदम सोफ्याकडं वळल्या. सासऱ्यांनी पेपर आणखी वर धरला.

*

पन्हाळ्याला एक आजी एकट्याच राहतात. मुलं पुण्याला. सिंक तुंबलंय म्हणून त्यांचा अधूनमधून फोन येतो. आम्ही पोचतो तेव्हा पिठलं-भाकरी तयार असते. आधी जेवायचं, मग काम. जेवताना आजी आमच्या पोरांचं विचारतात, त्यांच्या नातवंडांचं सांगतात. हात धुऊन दिलीप पाईप उघडतो, आणि दरवेळी आत एक निळं फडकं निघतं. नीट सुरळी करून घातलेलं.

मागच्या खेपेला मी ते कचऱ्यात टाकायला निघालो. आजी गडबडीनं उठून आल्या.

"टाकू नगं बाबा. धुऊन दोरीवर घाल. परत लागतंय."