रामलिंगाचा चढ, निळी गाडी आणि मागे बसलेले अप्पा

गरज म्हणाल तर स्कूटीनं भागली असती. आठवड्यातून दोनदा भूमहून ईट आणि वाशीकडच्या गावांत जायचं, रक्ताचे नमुने घ्यायचे आणि बर्फाच्या डब्यात घालून दुपारच्या आत लॅबमध्ये आणायचे, हे माझं काम. त्यासाठी कुणी स्पोर्ट्स बाइक घेत नाही. पण हौस काही स्कूटीनं भागली नसती, आणि एकतिसाव्या वर्षी स्वतःच्या पगारातून हौस करायची नाही तर कधी करायची? म्हणून ठरवलं की धाराशिवला जायचं, गाडी पसंत करायची आणि ती स्वतः चालवत भूमला आणायची. तुम्हीही पहिलीच बाइक घेताय, उंची माझ्यासारखी बेताची आहे आणि घरचे कपाळाला हात लावून बसलेत, तर पुढचं नीट वाचा.

चालवायला शिकले अप्पांच्या जुन्या बाइकवर, भूमच्या आठवडी बाजाराच्या मैदानात. बाजाराचा दिवस सोडून ते मोकळंच असतं. अप्पा म्हणजे माझे वडील, भूम डेपोचे निवृत्त एसटी ड्रायव्हर. त्यांनी आयुष्यभर बस चालवली, त्यामुळे जगातल्या प्रत्येक वाहनाविषयी त्यांचं ठाम मत असतं आणि ते कुणी विचारायची वाट बघत नाही.

पहिल्या फेरीला आम्ही दोघं सकाळच्या एसटीनं निघालो. अप्पा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले आणि गाडी सुटल्यापासून त्या पोरसवद्या ड्रायव्हरचे गिअर ऐकत राहिले. "तिसऱ्यावर घ्यायला पायजे व्हती," असं दोनदा माझ्याकडे वळून बोलले, पण आवाज पुढं जाईल एवढा मोठा. ड्रायव्हरनं आरशात बघितलं आणि ओळख पटल्यावर रामराम घातला. मग उरलेला प्रवास गप्पांत गेला.

शोरूममध्ये शिरताच इरफानभाई नावाचे सेल्समन पुढं आले आणि हसून म्हणाले, "ताई, स्कूटर त्या बाजूला हायेत."

"मला बाइक बघायचीय. स्पोर्ट्स."

त्यांनी अप्पांकडे बघितलं. अप्पा म्हणाले, "माझ्याकडं काय बघताव? घेनार ती हाय."

तिथं तीन गाड्यांवर मन अडकलं. पहिली लालभडक, दोनशे सीसीच्या घरातली, बघताक्षणी जीव जडेल अशी. दुसरी अप्पांची आवडती, लांब सीटची, साधीसरळ, रोजच्या कामाची. "हिच्यावर तुझी आई बसंल, डबा बसंल, गव्हाचं पोतंबी बसंल," हा त्यांचा मुद्दा. तिसरी निळी, दीडशेच्या आसपासची, पुढून कवच असलेली, अंगानं बारीक आणि नाकानं तोरेदार.

इरफानभाईंनी लालवर जोर लावला. "ताई, छोटी घ्याल तर सहा महिन्यांत जी भरून जातं. सगळे हेच बोलतात बघा."

मी म्हटलं, "सहा महिन्यांनी काय वाटायचं ते वाटू दे. आज घरी कुठली जाईल ते बघू."

आता कामाची गोष्ट. शोरूममध्ये गाडी स्टँडवर असते, खाली गुळगुळीत फरशी असते आणि शेजारी धरायला माणूस उभा असतो. तिथं बसून कुठलीही गाडी आपलीच वाटते. बाजाराच्या मैदानात मी एक गोष्ट शिकले होते. गाडी पुढं जाताना जड नसते, मागं ढकलताना असते. म्हणून मी तिन्ही गाड्या बाहेर काढायला लावल्या, रस्त्याच्या उताराला तोंड करून लावल्या आणि एकेक करून एकटीनं मागं ढकलली. लाल गाडीनं मला घाम फोडला आणि शेवटी माझ्याच अंगावर कलली. इरफानभाईंनी सावरली नसती तर पहिला ओरखडा माझ्या नावावर लागला असता. अप्पांची आवडती सहज सरकली, पण तिच्यावर बसल्यावर मला काहीच वाटलं नाही, बँकेत रांगेत उभं राहिल्यासारखं वाटलं. निळी दोन दमात मागं आली. मग तिच्यावर बसले आणि अप्पांना मागं बसवलं. मागं माणूस बसलं की गाडी थोडी दबते, आणि माझ्या पायाचे चवडे नीट टेकले. चालवून बघितली, अरुंद गल्लीत पाय न टेकता वळवली. उतरले तेव्हा गालफाडं दुखत होती, इतकी हसत होते मी.

"हीच," मी म्हटलं.

अप्पांनी मागच्या सीटकडे बघितलं. "ही सीट हाय का पाट?" म्हणाले. त्या दिवशी बुकिंग केलं, धाराशिवचे गरम गुलाबजाम खाल्ले, आईसाठी बांधून घेतले आणि एसटीनं परत आलो.

खरी अडचण घरी सुरू झाली. आमच्या घरात नवं वाहन आधी रामलिंगाला जातं. येडशीजवळच्या जंगलात, खाली दरीत महादेवाचं देऊळ आहे. तिथं नारळ फुटल्याशिवाय गाडी घराच्या दारात लागत नाही, आणि ही पहिली फेरी घरातल्या मोठ्या माणसानं करायची. स्कूटर, काकांचा टेम्पो, चुलतभावाचा ट्रॅक्टर, सगळ्यांची पहिली फेरी अप्पांनी केली. म्हणजे माझी निळी गाडी अप्पा चालवणार आणि मी मागून एसटीनं येणार. मला हे पटेना.

तोडगा आईनं काढला. "मोठ्या मानसानं न्यायची, पर पुढंच बसून न्यायची असं कुनी सांगितलंय? तुमी मागं बसा की."

अप्पांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी अट घातली. "चालव तूच. म्या मागं. पर रामलिंगाहून वर येताना चढावर गाडी एकदाबी बंद पडली, तर तिथून म्होरं म्या चालवनार आन् तू यष्टीनं भूम गाठायचं. कबूल?"

"कबूल," म्हटलं खरं, पण मैदानात चढ नव्हता. मागं माणूस घेऊन चढावर थांबून पुन्हा निघायचा सराव तर अजिबातच नव्हता. गाडी यायला आठवडा होता. रोज संध्याकाळी अप्पांची जुनी बाइक घेऊन घरामागच्या उतारावर गेले, मागच्या सीटवर धाकट्या मावशीला बसवलं आणि क्लचशी झगडत राहिले. मावशी तिसऱ्या दिवशी म्हणाली, "माझा मणका ढिला झालाय, आता पोतं बांध."

डिलिव्हरीच्या दिवशी इरफानभाईंनी गाडीला हार घातला. चाकाखाली ठेवायची लिंबं त्यांच्याच टेबलाच्या खणात होती. त्यांनी साडीगार्ड काढून देऊ का विचारलं, सगळी पोरं काढतात म्हणे. मी राहू द्या म्हटलं, आईला बसायचंय. नवीन गाडी घेणाऱ्यांसाठी तीन गोष्टी सांगते. शोरूममधून निघाल्यावर आधी पंप गाठा, टाकीत जेमतेम पेट्रोल असतं. नवे टायर बुळबुळीत असतात, पहिले काही दिवस वळणावर गाडी फार झुकवू नका. आणि हेल्मेट दोन घ्या. अप्पा आधी नको म्हणत होते, पण घातल्यावर काचेत दोनदा बघून आले.

मागं बसल्यावर अप्पांनी नियम सांगितला. ड्रायव्हर मी, म्हणजे ते कंडक्टर. हेल्मेटवर एक टिचकी म्हणजे थांब, दोन टिचक्या म्हणजे चल. एसटीची घंटी असते तशीच. डबल बेलशिवाय गाडी हलवायची नाही. मग माझ्या हेल्मेटवर टक टक झालं आणि आम्ही निघालो.

सुरुवातीला गाडीनं दोन-तीन आचके दिले. त्यानंतर मात्र हायवे मोकळा, ऊन कोवळं, दोन्हीकडं पोटरीला आलेली ज्वारी. ज्यांनी अशी गाडी कधी चालवली नाही त्यांना कसं सांगू? पुढं झुकून बसल्यामुळं रस्ता थेट छातीशी येतो. वेग फार नव्हता, नव्या इंजिनला पळवायचं नसतं, तरी मला वाटत होतं की हा हायवे मीच बांधून घेतलाय. मनगटं मात्र येडशीपर्यंतच बोलायला लागली. पहिले काही दिवस ती दुखतातच.

येडशीहून रामलिंगाकडे वळल्यावर रस्ता झाडीत शिरतो आणि खाली उतरतो. इथं माकडं भरपूर. पेढे, फुटाणे, केळी हातात उघडी धरू नका. देवळात गारवा होता, गर्दी नव्हती. गाडीच्या चाकाला कुंकू लागलं, नारळ फुटला. मी महादेवाला एवढंच म्हटलं की चढ तुझाच आहे, बघून घे. अप्पांनी अर्धा नारळ आणि बेल पिशवीत घातला, पिशवी मनगटाला अडकवली आणि मागं बसले. टक टक.

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. सगळ्यात उभ्या जागी पुढच्या जीपनं करकचून ब्रेक मारला. जीपमधल्या मंडळींना माकडांना केळी द्यायची हुक्की आली होती. हेल्मेटवर एक टिचकी बसली. मी थांबले. उजवा पाय मागच्या ब्रेकवर, डावा जमिनीवर, मागं अप्पांचं सगळं वजन. मागून एका गाडीनं हॉर्न दिला. घामानं काच धूसर झाली आणि मला एसटीतली खिडकीची सीट दिसायला लागली.

जीप निघाली. मी घंटीची वाट बघितली. घंटी येईना. मागं काहीतरी झटापट चाललेली, अप्पा "हाड, हाड" करताहेत, गाडी डावीकडे डुलतेय. आरशात बघितलं तर एक भलं थोरलं माकड पिशवीला लोंबकळलेलं. मागचा हॉर्न पुन्हा वाजला. आणखी थांबले असते तर गाडी त्या डुलण्यानंच आडवी झाली असती. मी क्लच सावकाश सोडला, इंजिनाचा आवाज जडावला तिथं धरला, थोडा गॅस दिला आणि ब्रेकवरचा पाय उचलला. गाडी क्षणभर जागच्या जागी थरथरली. मग निघाली. माकडानं पिशवी ठेवून घेतली, अप्पांना सोडलं, आणि आम्ही एका दमात वर हायवेला लागलो.

वर आल्यावर एक टिचकी बसली. मी गाडी कडेला घेतली. अप्पा उतरले, हेल्मेट काढलं, मनगट चोळलं.

"म्या डबल बेल दिली व्हती का?"

"नाही."

"बेलबिगर गाडी हलीवलीस. डेपोत असतीस तर मेमो मिळाला असता."

"बंद पडली का पण?"

अप्पांनी गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "न्हाय पडली," म्हणाले, आणि इतके हसायला लागले की डोळ्याला पाणी आलं. मीही हसले, आणि खरं सांगते, थोडी रडलेही.

पुढचा रस्ता म्हणजे नुसती वरात होती. येरमाळ्याला चहा आणि गरम भजी खाल्ली. टपरीवाल्यानं विचारलं, "पावनं, लई भारी गाडी, कुनाची?" अप्पा म्हणाले, "पोरीची. म्या वाहक." वाशीकडं वळल्यावर रस्ता अरुंद होतो, उसाच्या ट्रॉल्या आडव्या येतात, घाई करू नका. भूममध्ये शिरलो तर अप्पांनी डेपोसमोर एक टिचकी मारली. तिथं जुने दोस्त बाकावर बसले होते. अप्पांनी त्यांना रामलिंगाचा चढ सांगितला. त्यात माकडं तीन झाली आणि चढ दुप्पट उभा झाला. आई दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. तो गाडीवरून ओवाळून टाकला आणि तिनं मागच्या सीटवर हात ठेवून बघितला. "पाटच हाय," म्हणाली, "पर बसंन म्या."

आता काही आठवडे झालेत. मनगटं सरावली. आई दोनदा बाजाराला येऊन गेली, साडीगार्ड कामाला आलं. लाल गाडी रस्त्यात दिसली की अजूनही मान वळते, पण निळी रोज सकाळी मला एकटीला मागं घेता येते, म्हणून निवड चुकली नाही. पहिली गाडी घेणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे.

सगळ्यात जास्त लक्षात राहिलेली मात्र डिलिव्हरीनंतरची पहिली सोमवारची सकाळ. ईटला एकटी जायचं होतं. बर्फाचा डबा मागच्या सीटवर पट्ट्यानं बांधला, गाडी सुरू केली. अप्पा चहाचा कप घेऊन अंगणात आले, डब्याचा पट्टा ओढून बघितला, चाकांभोवती एक फेरी मारली. मला वाटलं आता काहीतरी सूचना येणार. ते माझ्या मागं येऊन उभे राहिले. रामलिंगाच्या चढावर राहून गेलेली ती घंटी त्यांनी माझ्या हेल्मेटवर दिली. टक टक. मी मागं न बघता गाडी फाटकाबाहेर काढली.