पेशीतल्या यार्डाला मास्तर नाही

चौथी नापास माणसानं लिहावं काय, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. दौंडच्या रेल्वे यार्डात मी उभी हयात शंटिंग केलं, म्हणजे डबे जोडले-सोडले, आन् माझ्या हातून एकच डबा चुकला. मनमाडचा डबा सोलापूरच्या रांगेत जोडला. डब्यावरची खडूची खूण मी जाऊन बघितली नव्हती. जोडीदार म्हणाला, "मी बघितलीय," आन् मी मान डोलावली. त्यानंही बघितली नव्हती. गाडी सुटायच्या आत ध्यानात आलं म्हणून निभावलं. त्या दिवसापासून मी ऐकीव गोष्टीवर हिरवा दिवा दाखवलेला नाही. ना यार्डात, ना घरात.

म्हणून नातीनं पुण्याचा फॉर्म आणला तेव्हा मला संशयच आला. पेशींवर संशोधन करायला जायचं, वसतिगृहात राहायचं, पालकाची सही पाहिजे, उद्या शेवटचा दिवस. मुलगा शिक्रापूरला कंपनीत. तो फोनवर म्हणाला, आबा हो म्हणाले तर करतो सही. शिरूरच्या कॉलेजात तिनं काय केलं मला ठाऊक नाही. वाटलं, पोरीला कुणीतरी मोठी नावं सांगून गुंडाळलंय.

जेवायला बसलो आन् विचारलं, "काय बघणार तिथं?"

"गॉल्गी." तिनं दुरडीतल्या पाच भाकरी ताटलीत एकावर एक ठेवल्या. "पेशीत अशी चपट्या पिशव्यांची चळत असती, आबा. पेशीनं केलेला माल एका बाजूनं येतो. पिशव्यांत त्याच्यावर काम होतं, साखरेच्या खुणा लागतात. मग दुसऱ्या बाजूनं पुड्या बांधून जिकडचा तिकडं जातो."

मी सावरून बसलो. हे तर यार्ड झालं.

"मास्तर कोण? कुठला डबा कुठं, हे सांगणारा?"

"मास्तर कुणीच न्हाई."

"मंग फसवलंय तुला."

चुलीपाशी सूनबाई होत्या. "मामा, यार्ड जेवल्यावर उघडा की. भाकरी गार व्हायला लागल्यात."

"ह्या पिशव्या आल्या कुठनं?" मी सोडलं नाही.

नातीनं तव्यावरची नवी भाकरी चळतीच्या खाली सारली. वरची उचलून तिचे तुकडे माझ्या ताटात टाकले. "अशा. खालनं नवी तयार होती, वरची फुटून पुड्या होतात. चळत तेवढीच दिसती, पण भाकरी त्याच न्हाईत. पेशीच्या दोन पेशी होताना तर चळत पार विस्कटती आन् दोन्हींत पुन्हा उभी राहती."

"म्हंजी माल डब्यातच बसतो आन् डबाच पुढं सरकतो?"

"व्हय."

"मंग पहिल्या डब्यातली कामाची माणसंबी पुढं जाणार. मागं नव्यात काम कोण करणार, तुझा बाप?"

ती हसली. "हाच प्रश्न मोठमोठ्यांना पडला होता, आबा. बारक्या पुड्या त्यांना मागं आणून सोडतात म्हणं."

आमचा गार्डही गाडी पोचवून दुसऱ्या गाडीनं परत यायचा. इतकं चपखल बसलं की माझा संशय वाढला.

"पुरावा?"

"पावाच्या पिठात यीस्ट घालतात ना, त्याच्या पेशीत बघितलंय. पहिल्या कामाच्या माणसांना हिरवा रंग दिला, शेवटच्यांना तांबडा. एका पिशवीवर नजर ठेवली. हिरवी होती ती डोळ्यांदेखत तांबडी झाली."

मी ताटावरून उठलो. खुंटीवरचा जुना हातदिवा काढून तिच्यापुढं धरला आन् काच फिरवली. हिरवी, तांबडी. "डोळ्यांदेखत झाली का न्हाई? हिरवी पिशवी निघून गेली आन् जागेवर दुसरी तांबडी येऊन उभी राहिली नसल कशावरनं?"

"नजर हलवली नव्हती त्यांनी."

"त्यांनी. तू बघितलंस?"



"न्हाई, आबा. आपल्याकडं तसलं यंत्रच न्हाई. आन् माणसाच्या पेशीत असंच चालतं का, ह्यावर अजून वाद हाय." एवढं बोलून तिनं मिठाच्या बरणीखालचा फॉर्म ओढून घेतला आन् घडी घातली. माझा नकारच आला, असं तिनं धरलं होतं.

बघितलंय म्हणाली असती तर मला काय कळणार होतं? यार्डात हा शब्द माणसं सहज टाकायची. मीही एकदा त्यावर डबा जोडला होता.

"घडी मोड," मी म्हणालो. "बापाला फोन लाव. उद्या सकाळी फॉर्म घेऊन येते, सही कर म्हणावं."

"पटलं तुम्हाला?"

"काय बी पटलं न्हाई. म्हणून तर जा. सोताच्या डोळ्यांनी बघ आन् मला सांग, पिशवी तीच होती का दुसरी."

आता दर रविवारी तिचा फोन येतो. जेवलीस का, हे तिची आई विचारते. मी एवढंच विचारतो, "बघितलीस का?"

"अजून न्हाई, आबा."

"बरं," म्हणतो. "घाई करू नको. पण नजर हलवू नको."