अर्ध्याहून कमी

इसिद्रो मागबानुआ आयुष्यभर नाकासमोर चालला, आणि तेच त्याला भोवलं. रोहास शहराच्या टेलिफोन कचेरीत त्याचे केस पिकले. समुद्राच्या तळाशी टाकलेल्या काचेच्या तारांमधून प्रकाश धावतो, त्या प्रकाशावर आसपासच्या बेटांचे फोन चालतात, आणि तो नीट धावतोय ना हे बघणं त्याचं काम. लग्न त्याने केलं नाही. आई लवकर गेली, तेव्हा लिनाव बेटावर थोरल्या बहिणीने, रोसेन्दाने, सुकी मासळी विकून त्याला शिकवलं. तिच्या तराजूत माल कधी कमी भरला नाही की जास्त गेला नाही. "फुकट जास्त दिलं तरी ते खोटंच माप," ती म्हणायची. हे भावाच्या अंगात इतकं मुरलं, की कचेरीत कुणी दीडशे म्हटलं की हा लगेच म्हणे, "एकशे पंचावन्न पूर्णांक बावन्न."

जुन्या जोडण्यांची मापंच तशी होती. सगळ्यात लहान ती एसटीएम-एक, सेकंदाला एकशे पंचावन्न पूर्णांक बावन्न मेगाबिट. तिच्या चौपट ती चार नंबरची, आणि तिच्याही चौपट ती सोळा नंबरची. लिनावला लहानच जोडणी होती. बेटाचे सगळे फोन, मोबाइलचा एकुलता मनोरा, सगळं तिच्यावर. आता तेवढं माप रोहासमधल्या एका घरात पोरं खेळण्यात उडवतात, पण लिनावचं तिच्यावर छान चाललं होतं.

जानेवारीत मनिलाहून हुकूम आला, जुनी मापं सोडा, सगळं गिगाबिटमध्ये, म्हणजे हजार मेगाबिटला एक धरून, लिहून नव्या संगणकात भरा. इसिद्रो त्यात इतका बुडाला, की सान्तो निन्योच्या, म्हणजे बाळ येशूच्या सणालाही बेटावर गेला नाही. रोसेन्दाने फोनवर फैलावर घेतलं.

"देवाला वेळ नाही, बहिणीला वेळ नाही, तारा मोजायला बरा वेळ आहे!"

"मानांग, ताई, ऐक तरी. एवढं काम संपलं की येतोच."

"ये हं. मी मेल्यावर ये." आणि तिने फोन आपटला.

काम क्षमतेच्या रकान्यावर अडलं. तिथे दशांश उमटेना. मनिलाच्या जोसेट मॅडमना त्याने फोन लावला.

"मॅडम, हा रकाना पूर्ण आकडाच घेतो."

"मग पूर्ण टाका ना, सर. शाळेत शिकलात की. अर्ध्याच्या वर असेल तर पुढचा आकडा, अर्ध्याहून कमी असेल तर सोडून द्यायचं."

"चार नंबरची एक होते, सोळाची दोन. पण लहान जोडणीचं शून्य होतं."

"अहो, तिथे एक टाका. कोण बघतंय?"

"पॉइंट एक पाचला एक? सहापटीहून जास्त खोटं?"

जोसेट हसली. "मानोंग, दादा, तुमच्या नादी लागले तर माझा दिवस जायचा. काय हवं ते टाका, पण आज पाठवा."

इसिद्रोने शून्य टाकलं. शेजारी शेरा म्हणून खरा आकडा लिहिला, अगदी शेवटच्या अंकापर्यंत, आणि समाधानाने चहा प्यायला गेला. शेरे कुणी वाचत नाही, हे एवढ्या नोकरीत कळायला हवं होतं गाढवाला! मनिलात क्षमता शून्य याचा अर्थ जोडणी वापरात नाही, बंद करा. हे ना त्याला ठाऊक होतं, ना जोसेटला. यंत्राने लिनाव बंद केलं. इसिद्रोच्या पडद्यावर बिघडलेली जोडणी लाल दिसते, पण बंद केलेली दिसतच नाही.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर त्याने नेहमीसारखा बहिणीला फोन लावला. लागला नाही. सोमवारी लागला नाही. रुसली, त्याला वाटलं. मागेही एकदा तिने पंधरवडाभर फोन बंद ठेवला होता. उत्तरेच्या वाऱ्याने समुद्र खवळलेला होता, होड्या येत नव्हत्या, मग कचेरीत तक्रार तरी कोण आणणार? बेटाचं तोंडच बांधलेलं होतं.

वारा पडला तशी पहिली होडी आली. नावाडी पेपितो थेट कचेरीत शिरला आणि टोपी काढून उभा राहिला.

"मानोंग, रोसेन्दा गेली. छातीत कळ आली. फोन सगळे मेलेले. पुरलीसुद्धा आम्ही. किती दिवस ठेवणार?"

इसिद्रोने आधी लिनावची नोंद उघडली. 'बंद. क्षमता शून्य.' नोंद भरणाऱ्याच्या जागी त्याचंच नाव होतं. त्याने शून्य पुसून एक टाकला. पापणी लवते न लवते तोच लिनाव जिवंत झालं. एवढंसंच होतं ते.

नवव्या दिवसाच्या प्रार्थनेला तो बेटावर गेला. प्रार्थना संपून पानं वाढली गेली, तेव्हा बेटावरची सुईण नेनिंग त्याच्याजवळ येऊन बसली.

"मी फोन लावत राहिले रे. रोहासची डॉक्टरांची होडी मोठी, तसल्या लाटांतही येते. एक फोन लागला असता तर तासाभरात आली असती. रोसेन्दा म्हणत होती, इसिद्रोला लाव, तो करेल काहीतरी. तिचा तुझ्यावर राग नव्हता हो."

नेनिंगने पाण्याचा पेला त्याच्याकडे सरकवला.

"नावाड्याकडून तुला कळलं आणि तू फोन चालू केलेस, म्हणून आम्ही आज माणसांत आहोत. पण ज्या मेल्याने ते बंद केले ना, त्याचे हात झडोत!"

"झडोत," आजूबाजूच्या बायका म्हणाल्या. कुणीतरी भात आणि भाजलेला मासा वाढून ताट त्याच्यापुढे धरलं. सगळ्या त्याच्याकडे बघत होत्या, माणूस आपलाच म्हणून.

"झडोत," इसिद्रो म्हणाला, आणि त्याने दोन्ही हातांनी ताट घेतलं.