घागरींच्या रांगेतली बालवाडी

जगातली निम्मी भांडणं 'वर-खाली, आत-बाहेर' हे शब्द माणसांना लहानपणी नीट न शिकवल्यामुळे होतात, असं माझ्या आत्याचं ठाम मत होतं. औशाजवळच्या आमच्या गावात ती बालवाडी चालवायची आणि हे शब्द फक्त खेळातून शिकवायची. खेळायला काही मिळालं नाही की पाहुणे वापरायची. माझ्या थोरल्या बहिणीला बघायला आलेल्या एका गृहस्थांना तिने चहाच्या आधी बाजेखाली जायला लावलं आणि पोरांना विचारलं, "पाव्हणे कुठं हायत?" "खाली!" पोरं ओरडली. पाहुण्यांनी बाहेर येऊन धोतर झटकलं आणि सोयरीक मोडली. आत्या म्हणाली, "बरं झालं. ज्याला खेळता येत न्हाई, त्याच्या घरी पोरगी द्यावी कशाला?"

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. त्या वर्षी विहिरी आटल्या आणि गावाला टँकर सुरू झाला. मोठी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, म्हणून घागरींच्या रांगेत जागा धरायला पोरं बसू लागली. बालवाडी ओस पडली. आत्याने खोलीला कुलूप घातलं आणि वर्ग थेट रांगेत भरवला. "सखूच्या घागरीच्या मागं कोण? पुढं कोण?" पोरं इतकी तयार झाली, की एकदा सरपंचांची घागर हळूच पुढे सरकली तेव्हा सगळी एका सुरात ओरडली, "सरपंच मागं व्हते! सरपंच मधी घुसले!" सरपंचांनी घागर मुकाट मागे नेली आणि दुसऱ्याच दिवशी तक्रार केली, की गावातली बालवाडी बंद आहे.

चौकशीला नव्या जिल्ह्याचा नवा साहेब आला. जीपमध्ये बसूनच म्हणाला, "बाई, बालवाडी खोलीच्या आत पाहिजे. बाहेर चालणार नाही. मला ती बंद करावी लागेल."

"साहेब, आत-बाहेर आमचं शिकवून झालंय," आत्या म्हणाली. "आज 'शेजारी' शिकवायलेय. उतरा खाली."

साहेब उतरला. का उतरला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. पोरांनी त्याला दोन घागरींच्या मध्ये उकिडवं बसवलं. टँकर आला तेव्हा दुपार कलली होती आणि साहेबाच्या घशाला कोरड पडली होती. त्याने ओंजळ पुढे केली, तर रांगेतली चिमुरडी सखू म्हणाली, "साहेब, तुमच्या पुढं लई घागरी हायत."

साहेब परत गेला. थोड्या दिवसांनी गावाला दुसरा टँकर मिळाला. बालवाडी बंद करायचा हुकूम मात्र आलाच नाही.

पुढच्या वर्षी विहिरी भरल्या, टँकर थांबले, वर्ग खोलीत परतला. सुट्टीत गावी गेलो तेव्हा आत्या संध्याकाळची ओट्यावर एकटीच बसली होती. समोरच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"आता बरं आहे ना, आत्या?"

"व्हय बाबा. पाणी आलं, लई बरं झालं." मग रस्त्याकडे बघत हळूच म्हणाली, "पण समदे आपापल्या घरात गेले रे."